दर मिनिटाला वीस

फोटोतला कोट तिचा नव्हता. कॉलर एका बाजूनं गळ्यात रुतलेली, दुसऱ्या बाजूनं मान आणि कॉलर यांच्यामध्ये पांढरी फट—फोटोवाल्यानं घाईघाईत चिकटवलेला, काळा, बटणं लावलेला कोट. आणि त्यावर तिचं डोकं, एका बरणीवर भलत्याच बरणीचं झाकण बसवावं तसं. वर्गातल्या अडतीस जणींच्या अर्जांवर हाच कोट होता. गणवेशातला फोटो चालणार नाही असं फॉर्मवर छापलेलं, कोट तर कुणाकडेच नाही, मग फोटोवाल्यानं त्याच्या कॉम्प्युटरमधला एकच कोट अडतीस मुंडक्यांना चढवून दिला... बारा प्रती काढल्या होत्या. अकरा गेल्या. अकरा ठिकाणी तेच नाव, तोच पत्ता आणि तीच कोरी चौकट—अनुभव. अजून परीक्षा नाही, निकाल नाही, आणि हे विचारतात अनुभव किती वर्षांचा. किमान दोन हवीत म्हणे. म्हणजे मी काय आईच्या पोटातून ड्यूटीवर जायला हवं होतं?

बारावा फोटो ॲप्रनच्या खिशात होता, चार घड्या घातलेल्या फॉर्मच्या पोटात. हा शेवटचा, आणि हा काचेच्या हॉस्पिटलचा. खरं नाव वेगळं, लांबलचक. पण जमिनीपासून गच्चीपर्यंत नुसती निळी काच, म्हणून होस्टेलच्या पोरी काचेचंच म्हणायच्या. तिथं दरवर्षी शेवटच्या वर्षातल्या सहा मुली परीक्षेआधीच निवडून ठेवत. राहायला खोली देत. बाकीच्या अकरांपैकी नवांनी उत्तरच दिलं नव्हतं आणि दोघांनी लिहिलं होतं, निकाल लागल्यावर कळवावे. निकाल लागेपर्यंत ती कुठे असणार होती? शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी होस्टेलची खोली रिकामी करायची, ट्रंक उचलायची आणि दादाकडे... तिथं तिची जागा केव्हाच ठरलेली होती. मागच्या खोलीत, वहिनीच्या वडिलांच्या खाटेशेजारी. ते पाच महिने त्यांच्या गावी अर्धांगानं पडून होते, आता दादाकडे यायचे होते, आणि दादानं साऱ्या नात्यागोत्यात सांगून टाकलं होतं—आमच्या घरचीच नर्स आहे, आम्हाला कसली काळजी. घरचीच. घरची विहीर असावी तशी. बादली सोडा, ओढा.

आज चार वाजेपर्यंत फॉर्म काचेच्या हॉस्पिटलच्या खिडकीत पडायला हवा होता. दोन गोष्टी राहिल्या होत्या. एक, वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांची सही—'सदर विद्यार्थिनीचे काम मी स्वतः पाहिले आहे' या वाक्याखाली. आणि दुसरी, पाठच्या पानावरची ती मोठी चौकट. 'स्वतःच्या निरीक्षणामुळे रुग्णाच्या प्रकृतीतील बदल आपण वेळीच ओळखला असा एक प्रसंग लिहा. दीडशे शब्द.'

प्रसंग! तीन वर्षांत तिच्या हातून चादरी बदलल्या गेल्या होत्या, भांडी उचलली गेली होती, हजारदा ताप बघून झाला होता. प्रसंग घडतो तो डॉक्टरच्या हातून, फार तर इन्चार्जच्या. स्टुडंटच्या हातून फक्त काम होतं. वर्गातल्या पोरींनी यावर तोड काढली होती. तिच्या खोलीतली लांबडी—साडेपाच फुटांवर दोन बोटं, म्हणून लांबडी—तिनं एक प्रसंग रचला होता: रात्री एक म्हातारी पलंगावरून पडत होती आणि तिनं पळत जाऊन झेलली. तो बहुतेकींनी उतरवून घेतला. एकच म्हातारी सव्वीस अर्जांत सव्वीस पलंगांवरून पडत होती आणि सव्वीस पोरी तिला झेलत होत्या. पण काचेच्या हॉस्पिटलचा कारकून वस्ताद निघाला. परवा लांबडी फॉर्म द्यायला गेली तर म्हणाला, "यंदा म्हाताऱ्या फार पडायला लागल्यात," आणि तिचा अर्ज त्यानं वेगळ्या गठ्ठ्यात ठेवला. लांबडी रात्रभर रडली. तिला मात्र लांबडीची कीव आली नाही, आला तो रागच. एवढी तीन वर्षं इथं मरायचं, आणि शेवटी आपल्याकडे सांगायला एक खरी म्हातारीसुद्धा असू नये!

"ए तेविशी! स्वप्नं बघायला पलंग देऊ का?"

इन्चार्ज सिस्टरांचा आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न वाढवता पोचायचा. स्टुडंटना त्या हजेरीच्या नंबरानंच हाक मारत. नावं शिकून काय करायचं, दर तीन महिन्यांनी बदलतात. तिनं फोटो खिशात कोंबला आणि अकरा नंबरच्या चादरीचं टोक गादीखाली दाबलं. सकाळचे आठ वाजत होते. पुरुषांचा वॉर्ड, ऑपरेशन झालेले बेचाळीस जण, एक इन्चार्ज, एक स्टाफ सिस्टर जी ड्रेसिंगच्या गाड्यापासून हलायचीच नाही, आणि दोन स्टुडंट. खिडकीची खालची तावदानं पांढऱ्या रंगानं आंधळी केलेली. फिनेलचा वास, आणि त्याच्याखाली फिनेललाही न जुमानणारा दुसरा वास.

"कोट... तुझा नाही."

अकरा नंबरचे आजोबा. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. हर्नियाचं ऑपरेशन होऊन आज चौथा दिवस. फोटो कोंबताना त्यांच्या पायांवर पडला होता आणि त्यांनी तो उचलून चष्म्याजवळ धरला होता—चष्म्याची एक काडी निखळलेली, ती काळ्या दोऱ्यानं इतकी बारीक गुंडाळून बांधलेली की दोरा नव्हे, मूळचीच नक्षी वाटावी.

"खांदा... उतरलाय. दुसऱ्याचं... माप."

"होय आजोबा. दुसऱ्याचाच आहे. द्या इकडे."

"परत कर... त्याला."

ती हसली नाही. पण मनात आलं, बरं झालं, आज म्हातारा थोडक्यात आटोपतोय. परवापर्यंत त्यांना बोलायला लागले की थांबायचं माहीत नव्हतं. तुझ्या गणवेशाची बाही कुणी कापली त्या गाढवाचा हात बघायचाय मला. पूर्वी एका नवरदेवाचा अंगरखा उलटा शिवला होता आणि तो तसाच घालून बोहल्यावर उभा राहिला, कुणाला कळलं नाही, फक्त नवरीला कळलं, ती जन्मभर ऐकवते आहे त्याला... एकेक वाक्य इंचपट्टीसारखं उलगडत जायचं. आज तुकडे तुकडे. दोन शब्द आणि थांबणं, दोन शब्द आणि थांबणं. दमले असतील. रात्री झोप झाली नसेल. तिनं उशी थोपटली आणि बारा नंबरकडे वळली.

हे तिनं पाहिलं होतं. आठ वाजता, स्वतःच्या डोळ्यांनी. नंतर दिवसभर ती इथंच अडखळत राहणार होती—पाहिलं होतं, आणि बरं वाटलं होतं.

दहा वाजता ताप, नाडी, बीपी, श्वास. प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी पाटीला चिमटलेला तक्ता. त्यावर नाडीची लाल रेघ, तापाची निळी, आणि सगळ्यांत खाली श्वासाची काळी. काळी रेघ वॉर्डात कुणाचीच हलत नसे. वीस, वीस, वीस. पहिल्या वर्षाला असताना एका सीनियर पोरीनं तिला वॉर्डात फिरवून शिकवलं होतं—ताप मोज, कारण डॉक्टर विचारतो. नाडी मोज, कारण डॉक्टर स्वतःही बघतो. श्वास वीस लिही. घेतायत ना सगळे? मग वीस. वर्गात ट्यूटर बाईंनी वेगळं शिकवलं होतं. बोटं नाडीवरच ठेवायची, पेशंटला वाटलं पाहिजे आपण नाडी मोजतोय, नजर मात्र छातीवर, पूर्ण मिनिट. कारण श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत सगळ्या पोरी असंच करत, अगदी मान जराशी कलती ठेवून. परीक्षा संपली की वीस.

आणि आज तिनं मोजला. का मोजला? हे कुणी विचारलं तर... कुणी विचारणार नव्हतं, पण ती स्वतःशी तरी खोटं का बोलेल? माणुसकी नाही, कर्तव्य नाही, ट्यूटर बाईंची आठवण तर मुळीच नाही. तिला प्रसंग हवा होता. मंडईत भाजी निवडत फिरावं तशी ती पलंगापलंगावरून फिरत होती—याची जखम बघ, त्याचे पाय दाबून बघ, कुठेतरी काहीतरी बिघडलेलं असेल, बेचाळीस जणांत एकाचं तरी असेलच! सात नंबरचा बरा होता. आठ बरा. नऊ तर इतका बरा की बिडी मागत होता. त्या सगळ्यांच्या बरं असण्याचा तिला संताप आला होता. मग अकरा नंबर. आजोबांचं मनगट हातात घेतलं, नजर सदऱ्यावर ठेवली, घड्याळाचा काटा बारावर आला तशी सुरुवात केली, आणि काटा अर्ध्यावर पोचायच्या आतच ती सोळावर होती.

चौतीस. पुन्हा मोजले. चौतीस.

आणि पहिली गोष्ट तिच्या मनात आली ती—मिळाला.

ही गोष्ट तिला पुसता आली नसती. छातीत काहीतरी उडी मारून बसलं, लॉटरीचा नंबर जुळावा तसं. मिळाला, दीडशे शब्द मिळाले, खोली मिळाली, काचेचं हॉस्पिटल मिळालं... आजोबांच्या नाकपुड्या फुलत होत्या. ओठांच्या कडा शाईचं बोट पुसल्यासारख्या. गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता, आणि ती त्या खळग्याकडे बघत मनात वाक्य जुळवत होती.

मग तिनं तक्ता उलटला आणि वाक्य मोडलं.

लाल रेघ तीन दिवस जिन्यासारखी वर चढत होती—अठ्ठ्याऐंशी, शहाण्णव, एकशे चार, आज एकशे अठरा. आणि तिच्या खाली काळी रेघ, फूटपट्टी ठेवून ओढल्यासारखी. वीस, वीस, वीस. आज सकाळी सहा—वीस, रात्रीच्या सिस्टरांची सही. काल रात्री दहा—वीस. काल दुपारी दोन—वीस, आणि त्यासमोर तिची स्वतःची सही, तिच्या ऐटबाज शेपटीसकट. काल दुपारी दोनची नोंद तिनं वॉर्डाच्या दारात उभं राहून केली होती. ड्यूटी संपत आलेली, बस गाठायची, सगळे तक्ते एकत्र काढून दाराशी टेबलावर घेतले आणि नाडी तेवढी धावत धावत बघून... श्वास सगळ्यांचे दारातूनच. बेचाळीस वेळा वीस. हात इतका सरावलेला की दोनचा आकडा आणि शून्य एका फटक्यात.

मग हे चढायला केव्हा लागलं? काल सकाळी? काल दुपारी, ती दारात उभी असताना? कुणालाच माहीत नव्हतं. कुणी बघितलंच नव्हतं, म्हणून तो आकडा जगात कुठेही नव्हता.

क्षणभर—कबूल का करू नये—क्षणभर तिला वाटलं होतं की वीस लिहावं आणि बारा नंबरकडे जावं. दोन वाजता दुसरी कोणीतरी येईल. तिला दिसेल, तिचा प्रसंग. पण पाय हलले ते टेबलाकडे.

"सिस्टर, अकराचा श्वास चौतीस आहे."

इन्चार्ज सिस्टरांनी औषधांच्या रजिस्टरातून मान वर केली नाही. "पूर्ण मिनिट?"

"दोनदा."

आता त्या उठल्या. पन्नाशीच्या पुढची बाई, गुडघ्यांनी अधू, पण चालताना कुठे वाया घालवलेलं पाऊल नाही. त्यांनी आजोबांचं मनगट धरलं, "काय म्हणता मास्तर, आमच्या पोरीच्या बाहीला नावं ठेवता म्हणे?" असं म्हणत मान जराशी कलती केली... आणि मोजलं. पूर्ण मिनिट. ट्यूटर बाईंपेक्षा सुरेख. म्हणजे हिला येतं. तिच्या मस्तकात सणक गेली. हिला सगळं येतं, आणि ही रोज बेचाळीस विसांखाली सही करते. पुढच्या दोन मिनिटांत त्या बाईच्या हातांनी पलंगाचं डोकं वर केलं, उशा मागे सारल्या, कपाटाचं कुलूप काढून बोटाला लावायचं यंत्र आणलं—वॉर्डात ते एकच, चोरीला जातं म्हणून कुलपात—आकडा आला चौऱ्याऐंशी. ऑक्सिजनचा मास्क चढला, फोन झाला. "डॉक्टर, अकरा नंबर. आत्ता या. चहा नंतर प्या." सगळं बरोबर. काडीचीही चूक नाही. तिला त्या हातांचा द्वेष वाटला आणि हेवाही वाटला, आणि दोन्ही एकाच जागी.

फोन ठेवून सिस्टर तक्ता घेऊन टेबलाशी आल्या. काळ्या रेघेवर त्यांचं बोट सावकाश फिरलं, तिच्या सहीपाशी थांबलं.

"ही शेपूट तुझी ना?"

सिस्टर उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

"विसावरून एकदम चौतिसावर उडी नको. वरून विचारतील, मध्ये काय झोपला होतात? सहाला वीस राहू दे. आठला बावीस लिही. नऊला चोवीस. मग दहाला चौतीस. पायऱ्या दिसल्या की कुणी विचारत नाही."

"आठला आपण मोजलाच नव्हता, सिस्टर."

"सहाला मोजला होता?"

तिची नजर सहाच्या रकान्यातल्या विसावर गेली.

"तेविशी, हिशोब कर. बेचाळीस जण. एकेकाला पूर्ण मिनिट. बेचाळीस मिनिटं. दिवसातून चारदा. ती मिनिटं मी कुठून आणू, तू सांग. तुझ्या त्या ट्यूटर बाईला विचारून ये. अर्ज करकरून थकले मी, आणखी दोन मुली द्या, दोन मुली द्या. दिल्या? तुमच्यासारख्या स्टुडंट दिल्या." आवाज तसाच, न चढलेला. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन तिच्यापुढे धरलं. "लिही. आणि तुझा तो फॉर्म काढ. सकाळपासून खिशात कुरकुरतोय. सही हवीय ना?"

हे त्यांनी एका दमात म्हटलं. धमकी म्हणावी तर धमकी नव्हती, सौदा म्हणावा तर तोही नव्हता; दोन कामं एकाच पेनात उरकून टाकावीत तसं. तिला वाटलं, या बाईनं निदान धमकी तरी द्यायला हवी होती. मग मला नाही म्हणता आलं असतं. म्हटलं असतं का? वा गं वा... म्हटलं असतं म्हणे!

तिनं लिहिलं. आठ—बावीस. नऊ—चोवीस. दहा—चौतीस. काळी रेघ वर वळली, छान वळली, खरी वाटावी इतकी. चौतीस लिहिताना मात्र चारचा आकडा दोनदा गिरवला गेला, आणि बघणाऱ्याला खोटा वाटला असता तर तोच एक आकडा.

ड्यूटी डॉक्टर आला. तिच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा, डोळ्यांखाली काळं. आजोबांची पाठ ऐकली, तक्ता उचलला. नजर लाल रेघेवरून वर गेली, काळीवर आली, आणि तिथं नको तेवढी थांबली. "नाडी तीन दिवस चढतीय... आणि श्वास आज सकाळी?" त्याच तक्त्याच्या खाली कालच्या राउंडची त्याची स्वतःची सही होती. तिनं ती पाहिली, त्यानंही पाहिली. त्यानं पान उलटलं. "चला, दर तासाला बघत होतात म्हणून सापडलं. कोणी लिहिलं हे?"

"आमची तेविशी," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. "काचेच्यात जाणार आहे."

"गुड."

आजोबांना आयसीयूत हलवलं. ट्रॉली लिफ्टपर्यंत तिनंच ढकलली. मास्कमधून ते काहीतरी म्हणत होते. ती वाकली. वाटलं, कोटाबद्दल बोलतील, थट्टा करतील. तिला तेवढी हवी होती.

"चष्मा... राहिला."

ती पळाली, उशीखालून चष्मा काढला, परत आली तेव्हा लिफ्टचं दार लागलं होतं आणि वरचे आकडे बदलत होते.

दोनला ड्यूटी संपली. कपडे बदलायच्या खोलीत फोन वाजला. दादा.

"छोटे, अगं सासऱ्यांना रविवारीच आणतोय. तुझा शेवटचा पेपर शनिवारी ना? अगदी जुळून आलं."

"दादा, मी अर्ज केलाय. काचेच्या—"

"निकाल नाही, अर्ज कसला? आणि बाहेर लोकांच्या शिव्या खाऊन शिकण्यापेक्षा घरात शीक की. घरचा पेशंट. चुकलीस तरी कोण ओरडणारंय तुला?"

मागून वहिनीचा आवाज आला, "विचारा त्यांना, गादी कुठली घ्यायची? ती हवेची म्हणतात ती?"

"हवेची घ्या," ती म्हणाली. "आणि दर दोन तासांनी कूस बदला त्यांची. आत्ताही. पाठ बघितलीय कुणी?"

"ते तू आलीस की बघशीलच," दादा म्हणाला. तो जिना चढत असावा. बोलताना धापा टाकत होता आणि ती... ती मोजत होती. आठ, नऊ, दहा. तिनं फोन कापला. घरचा पेशंट. चुकलीस तरी कोण ओरडणार. हे त्यानं प्रेमानं म्हटलं होतं, हेच तर. प्रेमानंच ही माणसं खड्ड्यात ढकलतात आणि वरून विचारतात, गादी कुठली हवी.

काचेच्या हॉस्पिटलापर्यंत चालत एक तास. आयसीयूत दुपारी तीनपर्यंत कुणाला सोडत नाहीत, तीननंतर गेलं तर चारची खिडकी चुकते. म्हणून चष्मा तिच्याच खिशात आला, रुमालात गुंडाळून. चष्म्याशिवाय ते छताकडे बघत असतील. छत काय, असतंच. रस्त्यात तिनं कितीदा ठरवलं की परतताना देऊन येऊ, आणि कितीदा वाटलं, परतताना ते... पुढचं ती बोलली नाही, मनातही.

काचेच्या आत गारवा. खुर्च्या ओळीनं, एकमेकींना जखडलेल्या. सहा-सात मुली बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर फॉर्म, प्रत्येक फॉर्मवर कोट. हसूच यायला हवं होतं. तिनं पाठचं पान उघडलं. समोर, सिस्टरांच्या गोल अक्षरात, सहीच्या वर एक जास्तीची ओळ होती, जी कुणी मागितली नव्हती: 'निरीक्षण उत्तम.' ती ओळ तिनं तीनदा वाचली. टोमणा असेल, बक्षीस असेल, की त्या बाईला खरंच तसं वाटत असेल? दोनदा चौतीस मोजले ते मीच ना? मी नसते तर दुपारी दोनलाही वीसच गेलं असतं. माणूस आयसीयूत गेला तो माझ्यामुळे. हे खरं होतं. अगदी खरं. त्याला धक्का लावता येत नव्हता, आणि म्हणूनच तिला ते सहन होत नव्हतं.

ती लिहायला लागली. 'सकाळी आठ वाजता पुरुष वॉर्डातील एका रुग्णाच्या श्वसनाचा वेग बावीस असल्याचे माझ्या लक्षात आले. त्यानंतर मी दर तासाला...' हात भराभर चालला. आठ वाजता खरं काय होतं? दोन शब्द आणि थांबणं. खांदा... उतरलाय. तेव्हा तीस असतील. बत्तीस असतील. ती समोर उभी होती, उशी थोपटत, आणि तिला बरं वाटलं होतं. ते चौकटीत कुठे बसत नव्हतं. एकशे बेचाळीस शब्द झाले. खाली एक ओळ रिकामी राहिली.

आणि तिथं एक वाक्य आपसूक येऊन बसलं, अजून कागदावर नाही, डोक्यात, पण शब्दांना शब्द लागून, मोजून आठ: 'काल दुपारी दोनची नोंद मी दारातून केली होती.' आठ शब्द. दीडशे पुरे. तिनं पेन उचललं. टोपण घालायला उचललं की लिहायला, हे तिला समजेना. हे लिहिलं तर हा अर्ज पडणाऱ्या म्हातारीच्या गठ्ठ्यातसुद्धा जायचा नाही, कचऱ्यात जाईल. कॉलेजात फोन जाईल. सिस्टरांचं काय होईल, रात्रीच्या सिस्टरांचं काय... आणि रविवारी मागची खोली. न लिहिलं तर? न लिहिलं तर काही नाही. परीक्षा संपली की निळ्या काचेच्या आत बसून छान पायऱ्या काढायच्या. इथंही मिनिटं कमीच असतील. काच मोठी असली म्हणून मिनिटं वाढत नाहीत.

"पुढची!" खिडकीतून आवाज आला. पुढची तीच होती.

कारकून टक्कल पडलेला, मिश्कील. फॉर्मच्या पहिल्या पानाकडे बघून म्हणाला, "तुमच्या कॉलेजात सगळ्यांना एकच कोट देतात वाटतं."

"एकच आहे. आळीपाळीनं घालतो."

तो खुदकन हसला. "म्हातारी पडली का?"

"नाही. म्हातारा आहे. पडला नाही."

"वा, नवीन आहे. द्या." त्यानं हात पुढे केला.

तिनं फॉर्म सोडला नाही. कागदाचं एक टोक त्याच्या बोटांत, एक तिच्या. "एक मिनिट," ती म्हणाली.

"चारला पाच आहेत, बाई."

"एकच मिनिट. पूर्ण."

त्यानं भुवया वर केल्या, कागद सोडला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि खुर्चीला पाठ टेकली. सेकंदकाटा बारावर आला. तिच्या उजव्या हातात पेन होतं, टोपण नसलेलं. डावा हात खिशात गेला होता आणि दोऱ्यानं गुंडाळलेल्या त्या काडीवरून अंगठा पुढे-मागे सरकत होता. कारकुनाच्या सदऱ्याचं तिसरं बटण वर गेलं, खाली आलं. एक. वर, खाली. दोन. त्याला माहीत नव्हतं. सकाळपासून तिनं कुणाकुणाचा राग केला होता, एकेकाला पकडून, नावानिशी—फॉर्मचा, सिस्टरांचा, दादाचा, सव्वीस वेळा पडणाऱ्या म्हातारीचासुद्धा. तो राग गेला नव्हता. तो आता नुसता तिच्या शेजारी येऊन उभा राहिला होता, मान जराशी कलती करून, तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवून, नाडी बघितल्यासारखं करत. आणि तिला कळत होतं तो काय मोजतोय, आणि कळल्यामुळे तिचा श्वास नीट येईना, काही केल्या येईना... सात. आठ. काटा अजून चारावरसुद्धा पोचला नव्हता.